पीएफचं चलन भरलं म्हणजे काम संपलं? सीमाभागातील सल्लागारांनी आता काय करायला हवं

समजा, चंदगड तालुक्यातला एक कामगार आहे. विसाव्या वर्षी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत लागला, तीन वर्षं काढली. मग घराजवळ म्हणून बेळगावला उद्यमबागेतल्या फाउंड्रीत चार वर्षं. पुढे कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत पाच वर्षं. एकूण बारा वर्षं त्याच्या पगारातून दर महिन्याला पीएफ कापला गेला, चलन वेळेवर भरलं गेलं. तिन्ही मालकांनी कायदा पाळला, तिन्ही ठिकाणच्या सल्लागारांनी आपापलं काम केलं. तरीही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी या माणसाला पेन्शनचा एक रुपया मिळणार नाही, अशी पाळी येऊ शकते.

कारण साधं आहे. गोवा सोडताना त्याला पैशांची नड होती. पीएफसोबत पेन्शनचे पैसेही काढायचा फॉर्म, म्हणजे दहा-सी, कुणीतरी भरून दिला. हातात साधारण तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम आली आणि तीन वर्षांची पेन्शन-सेवा पुसली गेली. उरली नऊ वर्षं. पेन्शनला लागतात दहा. ते पैसे काढले नसते, तर शेवटचा सरासरी पगार पंधरा हजार धरून त्याला महिन्याला सुमारे २,५७१ रुपये मिळाले असते. जिवंत असेपर्यंत त्याला आणि त्याच्यामागे निम्मी रक्कम त्याच्या बायकोला.

यात कुणी चोरी केली नाही. एका टेबलावर बसलेल्या माणसाने एक प्रश्न विचारला नाही, एवढंच. हा लेख त्या टेबलाबद्दल आहे. पीएफ कन्सल्टंट, लेबर सल्लागार, सीए ऑफिसातला पेरोल बघणारा मुलगा, कारखान्यातली एचआरची बाई, या सगळ्यांचं ते टेबल. निपाणी, चिक्कोडी, खानापूर, कागल, सावंतवाडी, डिचोली या पट्ट्यात माणसं राज्याची हद्द रोज ओलांडतात. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे कागदावर या हद्दीला काही अर्थ नाही. प्रत्यक्षात मात्र बहुतेक घोळ हद्दीवरच होतात.

आत्ताच का बोलायचं?

गेल्या वर्ष-दीड वर्षात या क्षेत्रात जेवढे बदल झाले, तेवढे त्याआधीच्या दहा वर्षांत झाले नसतील. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून मिळण्याची केंद्रीय व्यवस्था सुरू झाली. त्याच महिन्यात सभासदाच्या माहितीतल्या दुरुस्त्या सोप्या झाल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवूनच काढायचा, असा नियम आला. १३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे तेरा वेगवेगळे नियम तीन गटांत आणायचा निर्णय घेतला. १ नोव्हेंबरपासून राहून गेलेल्या कामगारांच्या नोंदणीची मोहीम सुरू झाली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता लागू झाल्याची घोषणा झाली.

एवढं सगळं एकदम आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट मेसेज फिरतात आणि कामगार ते मेसेज घेऊन थेट सल्लागाराकडे येतो. "साहेब, आता शंभर टक्के काढता येतात म्हणे?" इथे पहिला नियम पाळायचा. मंडळाचा निर्णय, सरकारचं निवेदन, राजपत्रातली अधिसूचना आणि पोर्टलवर प्रत्यक्ष सुरू झालेली सोय, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कामगाराला सल्ला द्यायचा तो चौथी गोष्ट तपासून. ऑक्टोबरच्या निर्णयात २५ टक्के रक्कम खात्यात ठेवण्याची अट आहे. नोकरी सुटल्यावर सगळे पीएफचे पैसे काढायला दोन महिन्यांऐवजी बारा महिने आणि पेन्शनचे पैसे काढायला छत्तीस महिने थांबण्याचीही तरतूद आहे. बातमीचा मथळा मात्र फक्त 'शंभर टक्के' एवढाच होता. अर्धी बातमी सांगून माणसाला नोकरी सोडायला लावलीत, तर त्याचं पाप कुणाच्या माथी?

नावाचा घोळ: आपल्याकडचा सर्वांत मोठा रोग

दावे अडकण्याची कारणं मोजायला बसलात तर आपल्या भागात नावाचा क्रमांक वरचा लागेल. आपल्याकडे माणसाचं नाव राज्यागणिक बदलतं. गोव्याच्या कंपनीत नाव आणि आडनाव एवढंच. बेळगावात वडिलांचं नाव मध्ये, कधी गावाचं नाव शेवटी. कोल्हापूरला नुसती आद्याक्षरं. कन्नडमधून इंग्रजीत उतरताना नावाच्या शेवटी 'अ' चिकटतो, महादेवचा 'महादेवा' होतो. चव्हाण तीन प्रकारे लिहिला जातो. वडिलांच्या नावापुढे अप्पा, अण्णा, राव कधी लागतं, कधी गळतं.

बायकांच्या बाबतीत तर विचारूच नका. आपल्या समाजात लग्नात आडनावच नव्हे, बऱ्याचदा पाळण्यातलं नावही बदलायची रीत. लग्नाआधी गारमेंट युनिटमध्ये किंवा काजू कारखान्यात काम केलेली मुलगी पाच वर्षांनी दुसऱ्या नावाने, दुसऱ्या आधारवर, दुसऱ्या राज्यात कामाला लागते. नवा मालक विचारतो, "आधी पीएफ होता का?" ती म्हणते, "नाही." तिला तो होता हेच माहीत नसतं. मग दुसरा यूएएन निघतो आणि पहिली पाच वर्षं हवेत राहतात.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, आधार कार्डवर दुसरीच तारीख पडली. पीएफच्या नोंदीत तिसरी. अठ्ठावन्न वर्षं कधी पूर्ण होतात, यावर पेन्शन ठरते, हे लक्षात घेतलं की या तारखेची किंमत कळते.

यावर काय करायचं? आधी एक गोष्ट ठरवा: कुठला कागद खरा मानायचा? आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. त्यामुळे घाईत 'आधी आधार बदलून आण' असं सांगू नका. शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला, पॅन, बँक पासबुक, सगळं एकत्र समोर ठेवा, कुठे कमीत कमी बदल लागतील ते बघा आणि मगच कामगाराला रांगेत उभं करा. एक दिवसाची मजुरी बुडवून तो रांगेत उभा राहणार असतो.

मग पीएफची नोंद. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ किंवा त्यानंतरचा असेल आणि आधारशी जोडलेला असेल, तर सभासद नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख यांसारख्या दुरुस्त्या स्वतः ऑनलाइन करू शकतो. मालकाची सही नको, पीएफ कार्यालयाची मंजुरी नको. यूएएन त्याआधीचा असेल तर मालकाच्या मंजुरीने काम होतं, पीएफ कार्यालयाकडे जावं लागत नाही. आधारशी जोडणीच नसेल तर मात्र कागदी संयुक्त घोषणापत्र आलं. हे तीन रस्ते सल्लागाराला पाठ हवेत. अजूनही कित्येक ठिकाणी सगळ्यांना सरसकट तिसऱ्या रस्त्याने पाठवलं जातं, सहीसाठी जुन्या मालकाच्या दारात चकरा मारायला लावतात.

जुना कारखाना बंद पडला असेल तर? आपल्याकडे असे कमी नाहीत. म्हणूनच कामगार नोकरी सोडायच्या आधी, मालक अस्तित्वात असताना, नोंदी जुळवून घेणं महत्त्वाचं. राजीनाम्याच्या दिवशी एचआरने सहा गोष्टी ताडून बघाव्यात: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, लागल्याची तारीख, आधार-पॅन-बँक जोडणी आणि मोबाइल नंबर. दहा मिनिटांचं काम आहे. नंतर तेच दहा महिन्यांचं होतं.

दहा वर्षांचा हिशेब तोंडी सांगा

कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के त्यात जातात, पण पगाराची मर्यादा पंधरा हजार, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. कामगाराच्या पासबुकात हा आकडा वेगळ्या रकान्यात दिसतो आणि बहुतेकांना तो 'अडकलेला पैसा' वाटतो. नोकरी सुटली की पहिला आग्रह तो काढून घेण्याचा असतो.

इथे सल्लागाराने एक मिनिट थांबून हिशेब सांगायचा. सूत्र सोपं आहे: शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार, गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. पंधरा हजार पगार आणि तीस वर्षं सेवा असेल तर वीस वर्षांपुढच्या सेवेबद्दलची दोन वर्षं धरून बत्तीस, म्हणजे महिन्याला सुमारे ६,८५७ रुपये. फार मोठी रक्कम नाही, मान्य. किमान पेन्शन तर २०१४ पासून एक हजारावरच आहे आणि ती वाढवा म्हणून पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत. पण ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही, त्याच्या औषधपाण्याला हाच आधार.

तेव्हा दहा वर्षं पूर्ण व्हायची असतील तर दोनच सल्ले द्यायचे. पुढची नोकरी लागली असेल तर खातं ट्रान्सफर करा. लागली नसेल तर पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, त्यात सेवा सुरक्षित राहते. दोन्हींसाठी पैशाचं बोलणं नंतर. सहा महिने किंवा जास्त सेवा पूर्ण वर्ष धरली जाते, त्यामुळे साडेनऊ वर्षांचा माणूसही पात्र ठरतो. नऊ वर्षं चार महिन्यांवर नोकरी सोडायला निघालेल्या माणसाला 'अजून दोन महिने काढ बाबा' असं सांगणारा सल्लागार त्याच्या आयुष्यभराच्या उपयोगी पडतो. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घ्यायची असेल तर दर वर्षाला चार टक्के कमी होतात, हेही फॉर्म भरण्याआधी सांगायचं, भरल्यावर नाही.

ईसीआरमधले छोटे रकाने

दर महिन्याची पंधरा तारीख सगळ्यांच्या लक्षात असते. उशीर झाला की बारा टक्के व्याज आणि वर जून २०२४ पासून महिन्याला एक टक्का दंड, हे मालकालाही पाठ असतं. पण तारीख सांभाळताना ईसीआरच्या रकान्यांत ज्या चुका होतात, त्यांचा भुर्दंड मालकाला नाही, कामगाराला पडतो. त्यातल्या तीन नेहमीच्या.

पहिली चूक एनसीपीच्या दिवसांची. बिनपगारी दिवस इथे भरायचे. ऑर्डर नसली की फाउंड्री दोन-दोन आठवडे बंद असते, सुगीला कामगार गावी जातात. हे दिवस खरे तेवढेच भरले पाहिजेत. मागच्या महिन्याची फाइल कॉपी करून आकडे तसेच ठेवले, तर पेन्शनच्या सेवेतून ते दिवस वजा होत राहतात. वर्षाला वीस-पंचवीस दिवस चुकीचे गेले तर पंचवीस वर्षांत दीड वर्ष गेलं.

दुसरी चूक नोकरी सोडल्याच्या तारखेची. ती भरलीच जात नाही. मग ट्रान्सफर अडतं, पैसे काढणं अडतं. शेवटची रक्कम जमा होऊन दोन महिने झाले की कामगार स्वतःही ही तारीख पोर्टलवर टाकू शकतो, पण बहुतेकांना ठाऊक नसतं. मालकाने टाकताना एकच काळजी घ्यायची: नव्या नोकरीच्या तारखेवर ती चढता कामा नये. एकाच दिवशी माणूस दोन कारखान्यांत दिसला की संगणक प्रश्न विचारतो.

तिसरी चूक पेन्शनच्या पात्रतेची. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि सुरुवातीलाच पंधरा हजारांवर पगार असलेला माणूस पेन्शन योजनेत बसत नाही. त्याचे सगळे बारा टक्के पीएफमध्ये जायला हवेत. सॉफ्टवेअरने आपोआप ८.३३ टक्के कापले आणि कुणी बघितलं नाही, तर दहा वर्षांनी दावा नाकारला जातो आणि पैसे या खात्यातून त्या खात्यात वळवायला पत्रव्यवहार सुरू होतो. उलटही होतं: जुना, पात्र सभासद जास्त पगारावर नव्या नोकरीत येतो आणि त्याची पेन्शन बंद केली जाते. म्हणून नवा माणूस आला की त्याचा जुना सेवेचा इतिहास बघितल्याशिवाय रकाना भरू नका.

जादा पेन्शनचा विषय याच्याशीच जोडलेला. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ज्यांनी पर्याय भरला, त्यांच्याकडे आता पंधरा-वीस वर्षांपूर्वीची चलनं आणि पगारपत्रकं मागितली जातात. ज्या ऑफिसांनी जुन्या वह्या जपल्या, त्यांची माणसं तरली. ज्यांनी जागा हवी म्हणून रद्दीत घातल्या, त्यांची अडकली. तेव्हा जुनं पगारपत्रक रद्दीत घालण्याआधी त्याची स्कॅन प्रत ठेवा.

राहून गेलेले कामगार आणि शंभर रुपयांची संधी

आपल्या भागात अनेक छोट्या युनिटमध्ये वीस माणसांचा आकडा गाठू नये म्हणून निम्मी माणसं 'कंत्राटी' किंवा 'ट्रेनी' दाखवायची पद्धत आहे. सल्लागाराला हे माहीत असतं. कधी कधी युक्ती त्याचीच असते.

अशा मालकांसाठी ३० एप्रिल २०२६ पर्यंत एक दार उघडं ठेवलं गेलं. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात लागलेले, पण पीएफमधून राहिलेले कामगार मालकाने स्वतःहून जाहीर केले, तर त्यांचा कामगाराचा हिस्सा पगारातून कापला नसल्यास माफ होतो. मालकाने आपला हिस्सा, त्यावरचं व्याज आणि प्रशासकीय खर्च भरायचा, दंड म्हणून एकूण फक्त शंभर रुपये. मुदत ३० एप्रिल २०२६. अट अशी की घोषणेच्या दिवशी तो कामगार जिवंत आणि त्याच आस्थापनेत कामावर असला पाहिजे. म्हणजे आज टाळलं आणि उद्या त्याला काही झालं, तर त्याच्या घरच्यांसाठी हे दार बंद.

मालकाला पटवताना धर्माची भाषा चालत नाही, हिशेबाची चालते. उद्या तपासणी झाली तर दोन्ही हिस्से, बारा टक्के व्याज आणि महिन्याला एक टक्का दंड मालकाच्या खिशातून. शिवाय कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते. कंत्राटदाराचं बिल पास करण्याआधी त्याच्या चलनासोबत कामगारांची नावनिशीवार यादी मागवा, नुसत्या चलनाच्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. एकच चलन चार मालकांना दाखवणारे कंत्राटदार सगळ्यांनीच पाहिलेत.

आणखी एक मोह टाळा. नव्या रोजगारासाठी केंद्राची प्रोत्साहन योजना ऑगस्ट २०२५ पासून चालू आहे. तिचा लाभ मिळावा म्हणून जुन्या सभासदाला नवा दाखवून दुसरा यूएएन काढण्याचे सल्ले दिले जातात. चेहरा आणि आधार जोडल्यावर हे लपत नाही, आणि भोगावं लागतं ते कामगाराच्या तुटलेल्या सेवेला.

पगाराची नवी व्याख्या, ग्रॅच्युइटी आणि राज्याची हद्द

नव्या संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या पन्नास टक्क्यांवर गेले, तर वरची रक्कम पगारात धरायची, असं आहे. कामगारांत भीती पसरली की हातात पगार कमी येणार. पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवरच कापला जात असेल तर हातातला पगार कमी होत नाही, असा खुलासा कामगार मंत्रालयाने डिसेंबरमध्ये केला आहे. हे कामगाराला त्याच्या पगाराची चिठ्ठी समोर ठेवून समजवा. जिथे मूळ पगार मुद्दाम सात-आठ हजारांवर ठेवून बाकी सगळे भत्ते दाखवले जातात, तिथे मात्र कपात वाढू शकते, आणि म्हातारपणाच्या दृष्टीने ते वाईट नाही. तसंही सगळ्यांना सारखे दिले जाणारे भत्ते पीएफसाठी पगारच, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ लाच सांगून ठेवलं आहे.

ग्रॅच्युइटीवर या व्याख्येचा परिणाम जास्त होतो, कारण तिला पंधरा हजारांची मर्यादा नाही. शेवटचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षं, हा हिशेब आता वाढीव पगारावर येणार. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला पाच नव्हे, एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळायची आहे. लहान मालकांनी यासाठी पैसे बाजूला ठेवायला आत्तापासून सुरुवात केली नाही, तर दोन-तीन जुने कामगार एकाच वर्षी निवृत्त झाले की दुकान हलतं.

आणि इथे हद्द आडवी येते. कर्नाटकाने जानेवारी २०२४ मध्ये ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा करणारे नियम आणले. महाराष्ट्रात तशी सक्ती नाही. ज्यांची एक शाखा कागलला आणि एक निपाणीकडे आहे, त्यांचे सल्लागार कोल्हापूरच्या सवयीने बेळगावचं काम बघतात आणि हा विमा राहून जातो. दोन्ही बाजूंची कामं घेणाऱ्यांनी भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावावा: केंद्राचं काय, राज्याचं काय. पीएफ, पेन्शन, ठेवसंलग्न विमा हे हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखं. बाकीचं त्या त्या राज्याचं बघून.

नॉमिनी: कागदावर आई, घरात बायको

सभासद नोकरीत असताना गेला तर ठेवसंलग्न विम्यातून वारसांना कमाल सात लाखांपर्यंत मिळतात. कामगाराला यासाठी एक पैसा भरावा लागत नाही. विधवेला पेन्शन, दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत पेन्शन. आणि यासाठी दहा वर्षांची अट नाही. तरीही कितीतरी घरांना हे माहीतच नसतं, कारण सांगणारा कुणी नसतो.

अडचण नॉमिनेशनची. लग्नाआधी आईचं नाव दिलं, लग्न झालं, मुलं झाली, नाव तेच. पीएफच्या नियमाप्रमाणे कुटुंब झाल्यावर आधीचं असं नामनिर्देशन आपोआप रद्द ठरतं. मग तेराव्या दिवसानंतर सासू-सुनेत वाद, वारस दाखला, कोर्ट. सुनेचं नाव आधारवर सासरचं, नोंदीत माहेरचं असेल तर आणखी भर.

उपाय असा: वर्षातून एकदा, दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की, सगळ्या कामगारांचं ई-नॉमिनेशन तपासायचा दिवस ठेवा. फोन उघडायचा, नावं बघायची, लग्न-बाळंतपण-मृत्यू झाला असेल तर बदलायचं. आणि कामगाराच्या बायकोला त्याचा यूएएन नंबर घरात लिहून ठेवायला सांगायचा. एवढं सांगितलं तरी बरंच झालं.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

हा प्रश्न अवघड आहे, पण विचारायलाच हवा. अनेक ऑफिसांत कामगारांच्या यूएएनला सल्लागाराचा किंवा क्लार्कचा मोबाइल नंबर लावलेला असतो. सोय म्हणून सुरू झालेली ही सवय आता धोक्याची आहे. दुसऱ्याच्या म्हातारपणाच्या पैशाची किल्ली आपल्या खिशात ठेवायची नसते. उद्या एखादा दावा चुकीच्या खात्यात गेला तर संशय आधी तुमच्यावर. व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे टेबलावर, पासवर्ड एकाच वहीत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पासबुकाचे फोटो, हे दिवस संपवा. नंबर कामगाराचाच लावा. त्याच्याकडे साधा फोन असला तरी ओटीपी येतो.

तुम्ही कुणाचे?

शेवटी मूळ प्रश्न. सल्लागाराची फी मालक देतो, म्हणून तो मालकाचा माणूस. पण ज्या पैशाचा तो हिशेब ठेवतो, तो कामगाराचा. पगारातून कापलेला हिस्सा भरला नाही तर कायदा त्याला विश्वासघाताचा गुन्हा मानतो. ही ओढाताण लपवण्यापेक्षा सुरुवातीलाच मालकाशी स्पष्ट बोललेलं बरं: 'चलन भरण्याची फी वेगळी, कामगारांच्या नोंदी दुरुस्त ठेवण्याची वेगळी. दोन्ही घेणार आणि दोन्ही करणार.' मालक कुरकुरतो, पण दावा अडकलेले कामगार गेटवर येऊन बसले की तोच फोन करतो. कामगाराकडून दाव्याच्या रकमेवर टक्केवारी घेण्याची जी प्रथा काही ठिकाणी आहे, ती मात्र बंद व्हायला हवी. फॉर्म ऑनलाइन फुकट भरता येतो. मेहनतीची ठरलेली रक्कम घ्या, पावती द्या. दहा टक्के घेणं हा सल्ला नव्हे.

भाषेचंही तसंच. बेळगावच्या कामगाराला इंग्रजी पासबुक कळत नाही, कन्नड नोटीस वाचता येत नाही. उमंग अ‍ॅप मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही चालतं, ते त्याच्या फोनवर त्याच्या भाषेत लावून द्या. पासबुकातल्या रकान्यांचा अर्थ सांगणारा एक मराठी-कन्नड कागद नोटीस बोर्डावर लावा. पीएफ कार्यालय दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यात शिबिर घेतं, त्याची तारीख गेटवर लिहा. पेन्शनरांना सांगा की हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा असं नाही, वर्षात कधीही देता येतो, चेहरा दाखवूनही देता येतो, आणि दिल्यापासून वर्षभर चालतो.

करायची कामं मोजकी आहेत. राहून गेलेल्या कामगारांची यादी मालकासमोर ठेवा. ज्यांची सेवा आठ ते दहा वर्षांच्या मध्ये आहे, त्यांची वेगळी यादी काढा आणि प्रत्येकाला दहा वर्षांचा हिशेब सांगा. ज्यांचे दोन यूएएन आहेत, त्यांची खाती एकत्र करा. मोबाइल नंबर बदला. नॉमिनेशन तपासा.

सुरुवातीच्या चंदगडच्या माणसाकडे परत जाऊ. वेर्ण्याच्या टेबलावर त्याला कुणीतरी विचारलं असतं, "बाबा, पुढे कुठे कामाला जाणार? मग पेन्शनचे पैसे राहू देत, फक्त पीएफचे काढ," तर साठीला त्याच्या घरात महिन्याला अडीच हजार आले असते. तो प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, कुठल्याही राज्याची परवानगी लागत नाही. उद्या सकाळी तुमच्या टेबलासमोर जो पहिला माणूस दहा-सी फॉर्म घेऊन येईल, त्याला तो विचारा.